अपंग सैनिकाचे घर आणि नगरपालिकेची फी

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या कायदेसंग्रहात २९५.१६ क्रमांकाचे एक लहानसे कलम आहे. लष्करी सेवेमुळे संपूर्ण व कायमचे अपंगत्व आलेल्या, सन्मानपूर्वक सेवामुक्त झालेल्या आणि त्याच राज्यात राहणाऱ्या माजी सैनिकाने स्वतःच्या मालकीच्या राहत्या घरात काही फेरफार केले, तर त्यासाठी कोणत्याही कौंटीने वा नगरपालिकेने परवाना शुल्क घेऊ नये, मग त्या शुल्काला नाव काहीही दिलेले असो, असे ते कलम सांगते. फेरफार कोणते, हेही त्यातच लिहिले आहे : उतार, म्हणजे ज्याला आपण रॅम्प म्हणतो तो, दारांची रुंदी वाढविणे, आणि चाकाच्या खुर्चीला जखडलेल्या सैनिकाला घर राहण्याजोगे व्हावे म्हणून करावी लागणारी तत्सम कामे.

शुल्कमाफीच्या फाइली ज्याने हाताळल्या आहेत, त्याला असे कलम वाचताना प्रत्येक शब्दामागचा वाद ऐकू येतो. ‘नाव काहीही असो’ हे शब्द उगाच पडलेले नसतात. परवाना फी माफ झाली की ‘नकाशा तपासणी आकार’ उभा राहतो, तोही माफ केला तर ‘नोंदणी आकार’ पुढे येतो, हा अनुभव दिल्लीपासून गल्लीपर्यंत सर्वत्र सारखाच आहे. ‘संपूर्ण व कायमचे’, ‘मालकीचे’, ‘राहते’ या तीन विशेषणांनी लाभार्थींची संख्या तीन वेळा गाळली जाते. आणि शेवटी ‘चाकाची खुर्ची’ या शब्दांनी ती चौथ्यांदा गाळली जाते. या शेवटच्या चाळणीकडे मी पुढे येणार आहे. त्याआधी हा विषय इतका लहान असूनही त्यावर लेख का लिहावा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अमेरिकन यादवी युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्या देशापुढे १८६५ मध्ये उभा राहिला. त्याची दोन उत्तरे निघाली. एक मोठे : ३ मार्च १८६५ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने अपंग स्वयंसेवक सैनिकांसाठी राष्ट्रीय आश्रयगृहे स्थापन झाली. तेथे सैनिकाला छप्पर, अन्न, गणवेश आणि शिस्त मिळे; मिळत नसे ते स्वतःचे घर. दुसरे उत्तर लहान आणि काटकसरीचे होते. पुढील दशकांत अनेक राज्यांनी सैनिकांना, विशेषतः अपंग सैनिकांना, फेरीवाल्याच्या परवान्याची फी माफ केली. राज्याच्या तिजोरीतून एक पैसाही बाहेर जात नाही, अर्थसंकल्पात कोठे आकडा दिसत नाही, आणि कृतज्ञता मात्र कायद्याच्या पुस्तकात नोंदली जाते. शुल्कमाफी राज्यकर्त्यांना इतकी प्रिय का असते, याचे उत्तर या एका उदाहरणात पुरेपूर सापडते. पायाने अधू झालेल्या माणसाला दारोदार हिंडण्याचा परवाना फुकट देण्यातील विसंगती त्या काळी कोणाला जाणवली असेल की नाही, कोण जाणे.

आश्रयगृहाकडून स्वतःच्या घराकडे वळण आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि त्याचे कारण धोरणात नव्हे, वैद्यकात होते. पहिल्या महायुद्धात पाठीच्या कण्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर निकामी झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग यांनी थोड्याच काळात मरण पावले. त्यामुळे त्यांच्यासाठी घराची योजना करण्याची वेळच शासनावर आली नाही. सल्फा औषधे, पेनिसिलिन, आघाडीवर मिळणारे रक्त आणि त्वरित वाहतूक यांनी हे चित्र पालटले. दुसऱ्या महायुद्धातून अशा अवस्थेत सुमारे २,५०० अमेरिकन सैनिक जिवंत परतले. विशीतले, पंचविशीतले तरुण. समोर सारे आयुष्य पडलेले. रुग्णालयांत त्यांनी आपल्या संघटना बांधल्या आणि १९४६ मध्ये ‘पॅरलाइज्ड व्हेटरन्स ऑफ अमेरिका’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस येथल्या बर्मिंगहॅम रुग्णालयातील अशा सैनिकांवर ‘द मेन’ हा चित्रपट १९५० मध्ये निघाला. मार्लन ब्रँडोचा तो पहिला चित्रपट.

या तरुणांची मागणी विलक्षण साधी होती. आम्ही आता बरे आहोत, आम्हाला घरी जायचे आहे, पण घराला पायऱ्या आहेत. न्हाणीघराचे दार चोवीस इंचांचे आहे आणि खुर्ची त्याहून रुंद. म्हणजे वैद्यकीय दृष्ट्या रुग्णालयात राहण्याचे कारण नसलेला माणूस केवळ सुतारकामाअभावी रुग्णालयात पडून होता, आणि त्याचा दररोजचा खर्च सरकार सोसत होते. हा हिशेब काँग्रेसला पटला. १९ जून १९४८ रोजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या कारकिर्दीत ८० व्या काँग्रेसचा ७०२ क्रमांकाचा कायदा झाला. सेवेमुळे पाय व शरीराचा खालचा भाग लुळा पडलेल्या सैनिकाला त्याच्या गरजेनुसार घर बांधण्यासाठी वा बदलून घेण्यासाठी खर्चाच्या निम्मी रक्कम, कमाल १०,००० डॉलर्स, अनुदान म्हणून देण्याची ती तरतूद होती.

ही रक्कम किती मोठी, हे कळण्यासाठी एक तुलना पुरे. १९४९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउन वसाहतीत नव्या घराची किंमत ७,९९० डॉलर्स होती. अनुदान एका संपूर्ण घराहून मोठे! परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे ‘निम्मी’ हा शब्द टोचतो. पूर्ण १०,००० मिळवायचे तर घर २०,००० चे हवे, आणि उरलेले १०,००० सैनिकाने आणावेत. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याचे अनुदानही तेवढ्या प्रमाणात आक्रसते. सहभागाच्या अटीवर दिलेले अनुदान गरजेच्या प्रमाणात न वाटले जाता ऐपतीच्या प्रमाणात वाटले जाते, हे आपल्याकडील केंद्रपुरस्कृत योजनांतही दिसून येते.

या अनुदानातून उभे राहिलेले एक घर आजही पाहता येते. इलिनॉय राज्यातील रॉकफोर्ड येथील केनेथ लॉरेंट हे नौदलातील सैनिक. सेवेत असताना कण्यावरील शस्त्रक्रियेनंतर ते खुर्चीला खिळले. त्यांनी व त्यांच्या पत्नीने प्रख्यात वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांना पत्र लिहून घर मागितले. १९५२ मध्ये ते दांपत्य त्या घरात राहावयास गेले. एकमजली, चंद्रकोरीसारखे वळलेले, उंबरठा नसलेले, रुंद दारांचे. विजेची बटणे, कपाटे, बैठकी सारे काही बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या व हाताच्या उंचीशी जुळणारे. राइट यांनी जन्मभर उभ्या माणसांसाठी घरे बांधली होती. २०१४ पासून ते घर संग्रहालय म्हणून लोकांना खुले झाले.

लॉरेंट यांना राइट मिळाले. इतरांना मिळाला तो गावचा सुतार आणि गावची नगरपालिका.

येथून विषय प्रशासनाचा होतो. अमेरिकेत बांधकामाचे नियंत्रण हा संघराज्य सरकारचा विषय नाही. तो राज्यांचा अधिकार, आणि राज्यांनी तो बहुतांशी शहरांकडे व कौंट्यांकडे सोपविलेला. वॉशिंग्टनने घरासाठी पैसे दिले तरी उतार बांधण्याची परवानगी स्थानिक कार्यालयाच्या खिडकीवर मागावी लागते. केंद्राचा लाभ आणि स्थानिक दार यांच्यामधील अंतर किती जीवघेणे ठरू शकते, याचा धडा त्या देशाने याच काळात गिरविला होता. १९४४ च्या प्रसिद्ध सैनिक पुनर्वसन कायद्याने गृहकर्जाला संघराज्याची हमी दिली, पण कर्ज द्यायचे की नाही हे स्थानिक बँका ठरवीत. १९४७ मध्ये मिसिसिपीच्या तेरा शहरांत केलेल्या पाहणीत अशा ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जे आढळली दोन. कायद्यात वर्णाचा उल्लेखही नव्हता. परवाना शुल्काचा प्रश्न याच्या तुलनेत क्षुल्लक खराच, परंतु रचना तीच आहे.

आता खुद्द शुल्काकडे येतो. अमेरिकेच्या पश्चिम भागातील असंख्य शहरांनी ज्या ‘युनिफॉर्म बिल्डिंग कोड’चा स्वीकार केला होता, त्याची पहिली आवृत्ती १९२७ ची आणि अखेरची १९९७ ची. या अखेरच्या आवृत्तीत शुल्काचा एक नमुना तक्ता आहे. शुल्क कामाच्या किमतीवर ठरते. २,००० ते २५,००० डॉलर्सच्या कामाला पहिल्या दोन हजारांसाठी ६९.२५ डॉलर्स आणि पुढील प्रत्येक हजाराला, वा हजाराच्या भागाला, १४ डॉलर्स. शिवाय नकाशा तपासणीचे शुल्क या रकमेच्या ६५ टक्के. आता असे धरा की एखाद्या सैनिकाला न्हाणीघर आणि उतार यांसाठी ६,८०० डॉलर्सचे काम करावयाचे आहे. (हा आकडा मनचा नाही; माजी सैनिक खात्याच्या एका छोट्या अनुदानाची तीच कमाल मर्यादा आहे.) या तक्त्याने परवाना शुल्क १३९.२५, तपासणी ९०.५१, एकूण २२९.७६ डॉलर्स होते. कामाच्या किमतीच्या सुमारे ३.४ टक्के.

साडेतीन टक्क्यांहूनही कमी, म्हणजे फार नाही, असे वाचकाला वाटेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु ते छोटे अनुदान घेताना सैनिकाने जो अंदाजपत्रकाचा तपशील जोडावयाचा, त्यात मजुरी व साहित्याबरोबर परवाने आणि तपासण्या हीही बाब धरली जाते. मर्यादा ६,८०० चीच. म्हणजे नगरपालिकेने घेतलेला प्रत्येक डॉलर हा रॅम्पच्या लाकडातून वजा होतो. संघराज्याच्या करदात्याने सैनिकाच्या न्हाणीघरासाठी दिलेला पैसा सैनिकाच्या हातातून जाऊन नगरपालिकेच्या तिजोरीत पडतो. नगरपालिकेने शुल्क माफ केले की ती उदार ठरते खरी, पण हिशेबाच्या भाषेत तिने केंद्राचे अनुदान आपल्याकडे वळविण्याचे थांबविलेले असते, इतकेच. मी याला दान म्हणणार नाही.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण नगरपालिकेचा अधिकारी हा या कथेतील खलनायक नव्हे. परवाना शुल्क हा कर नाही. ते सेवेचे मोल आहे. निरीक्षकाने येऊन पाहावयाचे असते की उताराचा कठडा भक्कम आहे, खांब गोठणपातळीच्या खाली रोवले आहेत, न्हाणीघरातील विजेला योग्य संरक्षण आहे. शुल्क माफ झाले म्हणून तपासणी माफ होत नाही, होऊही नये. पंगू माणसाच्या घरात तर नाहीच नाही. मग तिचा खर्च कोणी सोसायचा? राज्याच्या विधानमंडळाने माफीचा कायदा करावा, टाळ्या घ्याव्यात, आणि भरपाईची तरतूद न करता ओझे लहान गावांवर टाकावे, ही तक्रार अमेरिकेतील पालिका करतात, आणि आपल्याकडील जकात गेल्यानंतरच्या महापालिकांनाही तिचा सूर परका वाटणार नाही. आपल्या केंद्रीय अर्थसंकल्पात २००६-०७ पासून करसवलतींमुळे सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण जोडले जाऊ लागले. त्यामुळे सवलतीलाही खर्चासारखे तोंड मिळाले. शुल्कमाफीला मात्र असे तोंड बहुधा कोठेच नसते.

तरीही अपंग सैनिकांच्या बाबतीत हा बोजा नगण्य आहे, कारण अशी घरे एका गावात थोडी. बोजा शुल्काचा नसून वेळेचा आहे. आणि येथे भूमितीला पुढे यावे लागते. १९६१ मध्ये अमेरिकेत सुगम इमारतींचे पहिले राष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. त्यामागील प्रमुख संशोधन इलिनॉय विद्यापीठाचे. तेथील टिम न्यूजंट, जे स्वतः महायुद्धातून परतले होते, अपंग विद्यार्थ्यांसाठी १९४८ पासून कार्यक्रम चालवीत होते. या मानकाने उताराचे प्रमाण एकास बारा ठरविले. एक इंच चढावयाचे तर बारा इंच लांबी. दारापुढे सात सात इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर एकवीस फूट लांबीचा उतार हवा. अमेरिकन उपनगरातील घरासमोर एवढी जागा असते, पण ती सामासिक अंतरात मोडते. तेथे बांधकाम चालत नाही. मग नियमातून सूट मागावी लागते, तिचा अर्ज वेगळा, तिचे शुल्क वेगळे व पुष्कळदा अधिक, शेजाऱ्यांना नोटिसा, मंडळापुढे सुनावणी. फ्लोरिडाचे ‘नाव काहीही असो’ हे शब्द या शुल्काला लागू पडतील की नाही यावर दोन वकील दोन मते देतील. सुनावणीच्या तारखेला तर कोणतेच कलम माफी देत नाही.

काही सैनिकांच्या बाबतीत हा विलंब हीच खरी किंमत असते. ए.एल.एस. या मज्जाविकारात स्नायू एकामागून एक निकामी होत जातात आणि निदानानंतर बहुतेक रुग्ण दोन ते पाच वर्षेच जगतात. सैनिकांत त्याचे प्रमाण अधिक आढळल्यावरून २००८ मध्ये तो विकार सेवाजन्य मानला जाऊ लागला, आणि २०१३ मध्ये अशा सैनिकांना घराच्या मोठ्या अनुदानासाठी आपोआप पात्र ठरविले गेले. २०२० च्या दुरुस्तीने गंभीर आजारी सैनिकांचे अर्ज आधी घ्यावेत असेही म्हटले. केंद्राने आपल्या बाजूची रांग अशी तोडली. स्थानिक खिडकीवरची रांग मात्र स्थानिकच राहिली. चालता येत असताना अर्ज केलेल्या माणसाला मंजुरी मिळेपर्यंत उतार हवा असतो, आणि काम पूर्ण होईपर्यंत उताराबरोबर पलंग उचलणारे यंत्रही. नकाशा तोवर जुना झालेला असतो.

न्यायालयांनी या विषयाला बाजूने स्पर्श केला आहे. कॅलिफोर्निया राज्य अपंगांच्या वाहनतळ-फलकासाठी दोन वर्षांना सहा डॉलर्स आकारीत असे. १९९९ मध्ये नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. समानतेने सेवा देण्यासाठी जे करावे लागते त्याचा आकार अपंगांकडूनच वसूल करता येत नाही, हे त्यामागील तत्त्व. सहा डॉलर्ससाठी एवढा खटला! परंतु हे तत्त्व बांधकाम परवान्याला सरळ लागू होत नाही, कारण परवान्याचे शुल्क धडधाकट शेजारीही त्याच्या नव्या गच्चीसाठी भरतोच. सर्वांना समान असलेले शुल्क भेदभाव कसा? एकाला गच्ची हवी आहे आणि दुसऱ्याला स्वतःच्या घराबाहेर पडावयाचे आहे, हा फरक समान दराच्या तक्त्यात मावत नाही. म्हणूनच तो प्रश्न न्यायालयाऐवजी विधानमंडळांकडे गेला.

आणि विधानमंडळांनी तो तीन तऱ्हांनी सोडविला. फ्लोरिडाची तऱ्हा आपण पाहिली : थोडे लाभार्थी, कडक पुरावा. न्यू जर्सीने (जेथे मराठी मंडळींचा मोठा गोतावळा आहे आणि ज्यांपैकी अनेकांनी वृद्ध आईवडिलांसाठी घरात बदल केले असतील) सैनिक हा निकषच ठेवला नाही. एखादे काम केवळ अपंग व्यक्तींना सुगमता यावी म्हणून केले जात असेल तर त्यावर परवाना शुल्क नाही, मग ती व्यक्ती रणांगणावर जखमी झालेली असो वा जिन्यावरून पडलेली. इलिनॉयची तऱ्हा अगदी अलीकडची. तेथे अपंग सैनिक किंवा त्याची शुश्रूषा करणारी व्यक्ती यांपैकी कोणाकडूनही शुल्क घ्यावयाचे नाही. अपंगत्वाची टक्केवारी विचारावयाची नाही. काम अपंगत्वामुळे आवश्यक आहे हे अर्जदाराने स्वतः प्रतिज्ञेवर सांगावे. आणि सैनिक असल्याच्या पुराव्याचा अर्थ उदारपणे लावावा, असे कायदाच सांगतो. राखीव दलातील व नॅशनल गार्डमधील सेवाही त्यात धरली आहे.

माझे मत न्यू जर्सीच्या बाजूने झुकते. कृतज्ञता दाखवावयाची तर निवृत्तिवेतन आहे, अनुदान आहे. उताराचे काम मात्र खुर्चीसाठी असते, खुर्ची कशामुळे आली यासाठी नव्हे. पण व्यवहारी माणूस म्हणून इलिनॉयचे कौतुक अधिक वाटते. २३० डॉलर्सच्या माफीसाठी वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र मागणे म्हणजे शुल्काहून महाग पुरावा मागणे होय. एखाद्या निरोगी माणसाने खोटी प्रतिज्ञा करून शुल्क बुडविलेच, तर त्याला त्याबद्दल घरासमोर एकवीस फुटांचा उतार बांधावा लागेल! ज्या सवलतीचा गैरवापर करणे तोट्याचे असते तिच्यावर पहारा बसविण्याचे कारण नाही. आपल्या कार्यालयांना हे पटविणे सोपे नाही, हे मी जाणतो.

इलिनॉयच्या कायद्यात आणखी एक ओळ आहे. पुरावा कोणता चालेल हे पालिकेने ठरवावे, आणि त्यावरून तंटा झाल्यास राज्याच्या माजी सैनिक खात्याने तो सोडवू नये. ज्या खात्याला सैनिक कोण हे सर्वांत चांगले ठाऊक, त्यालाच दाराबाहेर ठेवले आहे. नव्या कामाचे ओझे येऊ नये म्हणून खाती मसुद्यात अशा ओळी घालून घेतात. ती लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला मी पाहिलेले नाही, पण ओळखतो.

आता फ्लोरिडाच्या त्या चौथ्या चाळणीकडे. खुर्चीला जखडलेला सैनिक हे १९४८ चे चित्र आहे. संघराज्याच्या अनुदानाने आपले चित्र पुढील दशकांत पालटले : दोन्ही पाय गमावलेले, दृष्टी गमावलेले, भाजलेले सैनिक हळूहळू त्यात आले. २००८ च्या कायद्याने मोठ्या अनुदानाची मर्यादा ६०,००० डॉलर्स करून ती बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाला जोडली, आणि २०२५ च्या आर्थिक वर्षात ती १,२१,८१२ डॉलर्सवर पोहोचली. ६,८०० चे छोटे अनुदान मात्र २०१० मध्ये त्या आकड्यावर आणले गेले, आणि त्याला निर्देशांकाचा आधार दिला गेला नाही. इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्यांपैकी अनेकांना खुर्ची लागली नाही. पेरलेल्या स्फोटकांनी कोणाचा पाय नेला तर कोणाचा मेंदू हादरवला. कृत्रिम पायावर चालणाऱ्या सैनिकाला उतार नको असतो, त्याला न्हाणीघरात आधाराच्या दांड्या आणि बसून अंघोळ करता येईल अशी जागा हवी असते. अंधाला दाराची रुंदी पुरते, त्याला हवा असतो जिन्याला अखंड कठडा. हे सैनिक शंभर टक्के अपंग ठरतात, ओळखपत्र बाळगतात, घर त्यांच्या मालकीचे असते. ‘तत्सम कामे’ या शब्दांत त्यांना बसविता येईल का, हे खिडकीमागच्या कारकुनावर अवलंबून आहे, आणि त्याच्यासमोर उघडलेल्या पानावर अजून ‘चाकाची खुर्ची’ असेच छापलेले आहे.